लंगडी घोडी ‘फुकट सांभाळतो’ म्हणणाऱ्याच्या हवाली करण्याआधी

ज्यांच्या तबेल्यात पायाने कायमचं अधू झालेलं जनावर उभं आहे आणि याचं पुढे काय करायचं या विचाराने ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशा घरांचा पत्ता काढत फिरणारी माणसं आहेत. ती घोडा विकत मागत नाहीत. ‘आम्ही सांभाळतो’ म्हणतात.

मैना आमच्याकडे आली अकलूजच्या घोडेबाजारातून. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची मारवाडी घोडी, कपाळावर चांदणी, गळ्याखाली देवमण म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, आणि रेवाल, म्हणजे धक्के न बसणारी झपझप चाल अशी की अण्णा, म्हणजे माझे सासरे, सत्तरी ओलांडल्यावरही तिच्यावर बसून मळ्यात जायचे. माझी मुलगी तिच्यावरच घोडेस्वारी शिकली. बारा वर्षांची झाली आणि वळताना अडखळू लागली. उभी असली की पुढचा एक पाय पुढे टाकून टाच उचलून धरायची, थोड्या वेळाने दुसरा. डॉक्टरांनी चिमट्याने खूर दाबून पाहिला, मग डाव्या पायाच्या टाचेजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं. त्या पायाचं लंगडणं थांबलं आणि त्याच क्षणी ती उजव्या पायाने लंगडू लागली. दुखणं दोन्हीकडे होतं. एक्स-रेमध्ये निदान पक्कं झालं: नेव्हिक्युलर. खुराच्या आत मागच्या बाजूला होडीच्या आकाराचं एक लहान हाड असतं, ते झिजतं. बरं होत नाही, फक्त सुसह्य करता येतं.

नालबंद चाचांनी मागून बंद असलेली, टाच उचलून धरणारी नाल बसवली. दुखणं फार वाढलं की फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक द्यायचं. तेही रोज नाही, कारण त्याने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं खराब होतात. सावकाश चालायला ती ठीक होती, पण तिच्यावर बसणं संपलं. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, शिवाय चंदी म्हणजे दाण्याचा खुराक, दर सहा-आठ आठवड्यांनी नाल आणि औषध. खर्च होताच, पण तिचे हाल होताहेत का, हा प्रश्न जास्त छळायचा. डॉक्टरांनी सगळे मार्ग सांगितले होते. टाचेची नस कापता येते, काही काळ वेदना जाते, पण खुराला संवेदना राहत नाही आणि आतली जखम कळत नाही. शांतपणे झोपवणं हाही एक मार्ग त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितला. घरात तो कुणाला ऐकवेना.

नेमक्या त्या दिवसांत तो फोन आला.

माणूस गोड बोलणारा, अदबीचा. माझी स्वतःची जमीन आहे, ओढ्याकाठी कुरण आहे, अशा सहा-सात घोड्या आहेत, म्हणाला. “ताई, खंडोबाचं वाहन आहे ते. लंगडं झालं म्हणून टाकून कसं देता येईल? मी फक्त सांभाळतो. जमलं तर एखादं शिंगरू घेईन, काम एक पैशाचं नाही.” पैदाशीला अण्णांनी नको म्हटलं. अकरा महिने पोटातलं ओझं त्याच दुखऱ्या खुरांवर येणार. तर लगेच म्हणाला, “मग नको, नुसती राहू दे.” कुरणाचे व्हिडिओ पाठवले. ज्यांनी आपल्या घोड्या दिल्या अशा दोघांचे नंबर दिले, त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. ते दोघे त्याचेच भागीदार निघाले. वर्षाच्या चाऱ्यापोटी आणि गाडीभाड्यापोटी त्याने 45,000 रुपये घेतले.

त्याचे प्रश्न मुद्दाम लिहिते, कारण असे प्रश्न कुणी विचारले तर तिथेच थांबा. सुई टोचताना त्रास देते का? कोणत्या इंजेक्शनने तिला आराम पडतो, आणि किती दिवस? अजून रेवाल चालते का? पळत होती तेव्हाचे व्हिडिओ असतील तर आठवण म्हणून द्या. आजारी जनावराची काळजी घेणारा माणूस औषधाची चौकशी करणारच, असं कुणालाही वाटेल. पण सांभाळणारा माणूस आधी विचारतो की नाल कोण बसवतं, टाच किती उंच ठेवायची, जमीन मऊ हवी की कडक. नालेबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही.

पुढे दर महिन्याला फोटो यायचे: मैना कुरणात, मैना पाण्यावर, कुणी एक मुलगा तिच्या मानेवर हात ठेवून. चाचा आमच्या दुसऱ्या घोड्याची नाल बदलायला आले तेव्हा मुलीने त्यांना फोटो दाखवले. चाचांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, बोटांनी खूर मोठा करून पाहिला, मग आधीचे फोटो मागितले. “बेटा, नाल मीच ठोकलेली आहे, खिळेही तेच. पण खूर वाढलेलाच नाही.” खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. तीन महिन्यांत नाल पुढे सरकून टोकाला यायला हवी, खिळ्यांची टोकं खाली उतरायला हवीत. सगळे फोटो एकाच दिवशी काढून ठेवले होते आणि एकेक करून पाठवले जात होते.

त्यानंतर त्याचा नंबर लागेना. मार्गशीर्षात चाचा नाला ठोकायच्या कामाला एका मोठ्या यात्रेत गेले होते, तिथून त्यांचा फोन आला: “ताई, मैना इथे आहे. बिक गई.” त्यांनी तिला कपाळावरच्या चांदणीने आणि देवमणाच्या भोवऱ्याने ओळखलं. पायात साधी सपाट नाल होती. दलाल देवमण दाखवत होता, रुमालाखाली बोटं धरून सौदा चालला होता, आणि मोबाइलवर गिऱ्हाइकाला दाखवत होता तो व्हिडिओ आमच्याच मळ्यातला होता. माझ्या मुलीचं डोकं वरून कापलेलं.

घेणारा खानदेशातला तरुण शेतकरी. चाचांनी त्याचा नंबर मिळवला. मी फोन केला तेव्हा त्याला आधी वाटलं मीच त्या टोळीतली. आठवड्याच्या आत त्याचाच फोन आला: घोडी पाय टेकवत नाही. त्याने वय विचारलं होतं तेव्हा सात सांगितलं होतं. दात बघणाऱ्याला कळलं असतं, वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास खाच उमटते आणि वयाबरोबर खाली उतरते. पण भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगणारे चार जण भोवती होते, दात बघणारा एकही नव्हता.

लंगडी घोडी चार दिवस धडधाकट कशी दिसली, हे ती परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी तिची मान दाखवून सांगितलं. डाव्या बाजूला रक्तवाहिनीच्या खोबणीत लिंबाएवढी टणक गाठ होती. फिनाइलब्युटाझोनचं इंजेक्शन शिरेतच द्यावं लागतं, बाहेर सांडलं तर तिथलं मांस सुजून कडक होतं. कुणीतरी घाईघाईत, पुन्हा पुन्हा सुया मारल्या होत्या. त्यात दोन्ही पाय सारखे दुखत असले की डोकं वरखाली होत नाही, पावलं फक्त आखूड पडतात. रेवाल चालीत किंवा नाचकामात तर ते अजिबात लक्षात येत नाही. सारंगखेड्याची यात्रा असो की माळेगावची, घोडा बघायला जाल तेव्हा मऊ मातीतली चाल पाहून समाधान मानू नका. डांबरी रस्त्यावर सरळ दुडक्या चालीने न्या, मग दोन्ही बाजूंना लहान गोल फिरवा. एका पायाचं दुखणं असेल तर दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं. पेस्टर्नच्या, म्हणजे खुराच्या लगेच वरच्या भागाच्या मागे, टाचेच्या वर, हात फिरवून जुना व्रण लागतो का बघा, कारण नस कापलेले घोडेही विकले जातात. आणि वेदनाशामक टोचलं आहे का हे कळायला स्वतःच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

पोलिसांनी आधी विचारलं, “तुम्ही स्वखुशीने दिली, पैसेही तुम्हीच दिले, मग फसवणूक कसली?” पैसे पाठवल्याची नोंद, फोटो, त्याचे संदेश सगळं पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला. शेतकऱ्यानेही त्याच्याकडून दिला. काम करण्याजोग्या नसलेल्या जनावराकडून काम करून घेणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हा आकडा वाचून मला संताप आला, आजही येतो. माझ्या मते अशा प्रकरणात फसवणुकीचं कलमच लावायला लावलं पाहिजे.

शेतकऱ्याशी पैशांचं काय ते आम्ही आपसात मिटवलं आणि मैनाला परत आणली. वेदना मारून पळवल्यामुळे खरखरीत झालेल्या हाडावर घासून खुरामागची खोल कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, फाटली होती. आता सुसह्य करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. अण्णांनीच डॉक्टरांना हो म्हटलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. खड्डा आधीच खोल खणून घेतला होता. ते औषध मांसात राहतं, आणि कुत्र्या-गिधाडांनी खाल्लं तर तीही मरतात. गावात काहींनी याला पाप म्हटलं. मला ते पाप वाटत नाही. ज्या दुखण्यातून सुटका नाही त्यातून ओळखीच्या माणसांत, आपल्याच तबेल्यात सुटणं, आणि अनोळखी हातांनी सुया टोचून बाजारात नाचवलं जाणं, यातलं पहिलं मी कधीही निवडेन.

तरीही कुणाला द्यायचंच असेल तर मालकी सोडू नका. स्टँप पेपरवर लिहून घ्या: विकायचं नाही, तिसऱ्याला द्यायचं नाही, कामाला लावायचं नाही, नको झालं तर परत आणून द्यायचं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही. मायक्रोचिप बसवून घ्या, मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखाली बसते, आणि भोवऱ्यांचे व चारही पायांचे जवळून फोटो तारखेसह ठेवा. जुने पळतानाचे व्हिडिओ देऊ नका. न सांगता भेटायला जा. महिन्याचा फोटो मागाल तेव्हा खुराचा मागा, त्या दिवसाच्या वर्तमानपत्राशेजारी.

आमच्या तक्रारीनंतर आणखी दोन घरांना तसेच फोन आल्याचं कळलं आहे, नंबर वेगळा पण बोलणं तेच, खंडोबाच्या वाहनापासून सुरू होणारं. तुम्हाला असा फोन आला असेल तर संदेश पुसू नका आणि जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आमच्या अर्जाची पोहोच मी जपून ठेवली आहे. तुमच्या अर्जाला जोडायची असेल तर मागा, प्रत देईन.