चावीच्या आधी डिपॉझिट मागणारा जर्मनीतला ‘घरमालक’

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. जर्मनीला निघालेली बरीच मुलं त्यालाच महिन्याचा खर्च समजून बसतात. हिशेब मांडला की भाड्यासाठी साडेतीनशे-चारशे युरो उरतात, आणि म्युनिक-फ्रँकफर्टमध्ये तेवढ्यात धड खोली मिळणं फार कठीण. नेमकी तेव्हाच जाहिरात दिसते: ३८० युरो, फर्निचरसकट, स्टेशनजवळ, वीज-इंटरनेट धरून. तुमच्या हिशेबाच्या मापाने शिवलेली.

पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. मेसेज केला की लांबलचक, अदबीचं उत्तर येतं. मालक कामासाठी दुसऱ्या देशात आहे, त्याला फक्त सभ्य भाडेकरू हवा आहे. तो स्वतःहून पासपोर्टचा फोटो पाठवतो. तो पासपोर्ट बहुधा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो, आणि आता तुमचीही प्रत मागितली जाते. दोन दिवसांत करार येतो: डिपॉझिट ७६०, पहिलं भाडं ३८०, एकूण १,१४० युरो. पैसे एका बुकिंग साइटकडे सुरक्षित राहतील, चावी कुरिअरने येईल, खोली पसंत पडली नाही तर रक्कम परत. सोबतची लिंक हुबेहूब त्या साइटसारखी. ब्राउझरमधला पत्ता अक्षर-अक्षर वाचला तरच नावाला चिकटलेला जादा शब्द किंवा आडवी रेघ दिसते. पैसे पोचले की ‘विम्याचे’ म्हणून आणखी मागणी, आणि मग शांतता.

जर्मन नागरी कायद्याचं कलम ५५१ इथे उपयोगी पडतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटे’इतकं, म्हणजे हीटिंग-पाणी-कचरा वगळून जे भाडं उरतं त्याच्या तिप्पट. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. खरे मालकही कधी कधी सगळं एकदम मागतात, पण हप्त्यांचं नाव काढल्यावर ते बोलणी करतात. ठग घाई करतो: ‘आणखी तिघं तयार आहेत.’ दलालाचंही तसंच. २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याची फी द्यायची, त्यामुळे मालकाच्या दलालाने तुमच्याकडे फी मागितली तर देऊ नका.

थेट व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा आणि कॅमेरा खाली दारापर्यंत न्यायला लावा. जर्मनीत बेलच्या पाटीवर आडनावं असतात. करारातलं किंवा सध्याच्या भाडेकरूचं आडनाव तिथे दिसलं पाहिजे. ‘अनमेल्डुंग’, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंदणी, होईल का हेही विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला फॉर्म लागतो. इथे टाळाटाळ झाली की विषय संपवा.

खातेक्रमांक ‘डीई’ने सुरू होणारा, २२ अक्षर-अंकांचा असला म्हणून खातेदार खरा ठरत नाही. चोरलेल्या पासपोर्टवर उघडलेली खातीही असतात. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी नाव आणि खातं जुळतं का ते दाखवावं लागतं. भारतातून ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँक-यंत्रणेने पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण गृहीत धरू नका. म्हणून मोठी रक्कम तिथे पोचल्यावर, खोली पाहून, जर्मन खात्यातूनच द्या. प्रवेश मिळताच श्टुडिरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) वसतिगृहाला अर्ज करा आणि पहिल्या महिन्याच्या तात्पुरत्या मुक्कामाचे पैसे वेगळे ठेवा. ही एक तरतूद असली की परदेशी बसून डिपॉझिट पाठवण्याची वेळच येत नाही.

आता उदाहरणादाखल खरा हिशेब. काल्टमीटे ४५०, हीटिंग वगैरेचे १३०, वीज ४०, इंटरनेटचा वाटा १५. रेडिओ-टीव्ही शुल्क घरामागे १८.३६, एकटे राहत असाल तर पूर्ण तुमच्यावर. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्यविमा दीडशेच्या आसपास. इथेच ८०३ युरो संपले. जेवण, फोन, कपडे यांना १८९ उरतात. शिवाय डिपॉझिटचे १,३५० या ९९२ मधून निघतच नाहीत, कारण ब्लॉक्ड अकाउंट दरमहा ठरावीक रक्कमच सोडतं. सेमिस्टर फी आणखी वेगळी. हीटिंगचा आकडा संशयास्पद कमी दिसला तर जपून: वर्षाच्या हिशेबात फरक अंगावर येतो.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला रक्कम परत मागवायला लेखी कळवा. जाहिरात, मेसेज, लिंक यांचे स्क्रीनशॉट जपा. जर्मनीत पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पासपोर्टची प्रत गेली असेल तर तक्रारीत तेही लिहा. आणि ‘ओळख पटवण्यासाठी’ व्हिडिओवर पासपोर्ट धरा असं कुणी म्हटलं तर कॉल तोडा, कारण त्या पाच मिनिटांत तुमच्या नावावर बँक खातं उघडलं जातं आणि पुढच्या मुलाचं डिपॉझिट त्यात जमा होतं.