बरगडीखालचं दुखणं आणि ‘ग्लुटेन पॅकेज’ची फसवणूक

कोणतं अन्न सोसत नाही हे सांगणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट जाड, गुळगुळीत कागदावर छापलेला असतो. डावीकडे शे-दीडशे पदार्थांची नावं, उजवीकडे आकडे आणि तीन रंग. गहू लाल, दूध लाल, हरभरा आणि शेंगदाणा पिवळा. शेवटच्या पानावर ‘तुमचं शरीर ग्लुटेन सहन करत नाही’ असं ठळक अक्षरांत (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन). खाली आहारयोजना, सोबत घ्यायची पावडर आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीची तारीख.

हे पॅकेज घेणारा माणूस साधारण एका साच्यातला असतो. जेवणानंतर तासा-दोन तासांनी डाव्या बरगडीखाली दाब येतो, पोट गच्च होतं, वाकलं की टोचतं. ईसीजी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, पित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू. ‘काही नाही, गॅस आहे’ ऐकून कंटाळलेल्या माणसाच्या हातात कोणीतरी नाव, रंग आणि आकडे देतं. त्याला ते खरं वाटतं यात त्याची काहीच चूक नाही.

त्या रिपोर्टमध्ये मोजलेलं असतं ते आयजीजी नावाचं प्रतिपिंड (बाहेरच्या पदार्थाविरुद्ध शरीर रक्तात तयार करतं ते प्रथिन), बऱ्याचदा त्याचा आयजीजी-४ हा प्रकार. आपण जे वारंवार खातो त्याविरुद्ध हे प्रतिपिंड निरोगी माणसाच्या रक्तातही तयार होतात. ती खाण्याची नोंद असते, आजाराची नव्हे. रोज पोळी, दूध आणि बेसन पोटात जाणाऱ्या घरात गहू, दूध, हरभरा वर आले तर नवल काय? युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अन्न सोसत नसल्याचं निदान या तपासणीवरून करू नये. केसांवरून किंवा हातात धातूची कांडी धरून होणाऱ्या तपासण्यांना तर एवढाही आधार नाही.

पैसे जातात ते वाईटच. पण खरं नुकसान दुसऱ्या दिवशी सुरू होतं, गहू बंद केल्यावर.

सीलिॲक आजार, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला होणारी इजा, तपासायची पद्धत ठरलेली आहे. रक्तात टीटीजी-आयजीए (सीलिॲकमध्ये वाढणारं प्रतिपिंड) आणि सोबत एकूण आयजीए. एकूण आयजीए कमी निघालं तर पहिला आकडा फसवा ठरतो आणि मग टीटीजी किंवा डीजीपी (सीलिॲकचीच आणखी एक रक्तचाचणी) यांचा आयजीजी प्रकार पाहावा लागतो. (म्हणून रिपोर्टवर ‘आयजीजी’ दिसलं की तो खोटाच, असं नाही, कशाविरुद्धचं आयजीजी ते वाचा.) रक्त पॉझिटिव्ह आलं की एंडोस्कोपी करून ड्युओडेनममधले, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले, चार ते सहा तुकडे बायोप्सीला जातात. हे सगळं माणूस गहू खात असतानाच करायचं असतं. गहू सुटला की प्रतिपिंड उतरू लागतात, अस्तर भरून यायला लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट निर्मळ येऊ शकतो. मग खरं निदान हवं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू खावा लागतो. रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे मध्यम आकाराची एखाद-दीड पोळी, निदान दोन आठवडे; सहा ते आठ आठवडे खाल्लं तर निकाल जास्त भरवशाचा. बरं वाटू लागलेल्या माणसाला हे सांगणं फार जड जातं. अनेकजण नकार देतात आणि आयुष्यभर अर्धवट निदानावर काढतात. एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकीय तपासणी गहू सोडल्यावरही करता येते, पण तिचा उपयोग उलट्या बाजूने आहे: दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळपास बाद. असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती निरोगी लोकांतही भरपूर आढळतात.

पॅकेज घेतल्यावर पहिले पंधरा दिवस बरं वाटतं, हेही खरं. त्यामागचं कारण विकणारा सांगत नाही. मोठं आतडं डाव्या बरगडीखाली एक वळण घेतं, तिथे वायू अडकला की दुखणं बरगडीतलंच वाटतं. गव्हात ग्लुटेनइतकंच फ्रुक्टान नावाचं कर्बोदक महत्त्वाचं आहे. ते आतड्यात आंबतं आणि वायू करतं. कांदा-लसणातही तेच असतं. गव्हाबरोबर पाव, बिस्किटं, सामोसे, कांद्याची भजी सगळंच सुटतं आणि दाब उतरतो. श्रेय मात्र ग्लुटेनला आणि पावडरीला मिळतं. सीलिॲक नसताना ग्लुटेन न सोसणं हा प्रकार आहे, पण त्याचं निदान करणारी रक्ततपासणी आजही उपलब्ध नाही. आधी सीलिॲक आणि गव्हाची ॲलर्जी बाद करायची, मग ग्लुटेन काढून आणि परत देऊन पाहायचं, तेही शक्यतो रुग्णाला न कळता. जो रक्ताच्या एका थेंबावर हे निदान विकतो, तो फसवतो आहे.

महिन्या-दीड महिन्याने दुखणं परत येतं. तेव्हा ‘शरीर साफ होतंय, म्हणून त्रास होतोय’ असं सांगून दुसरा डबा दिला जातो. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही एन्झाइमच्या भरवशावर सीलिॲकच्या रुग्णाने पोळी खाऊ नये. आणि याच काळात पिठाची फसवणूक सुरू होते.

सर्वांत जास्त घात खपलीने होतो. खपली हा गहूच आहे. सांगली-सातारा-बेळगाव भागातला जुना, चवीला उत्तम, पण गहू. त्यात ग्लुटेन आहे, फक्त ते साध्या गव्हातल्याइतकं ताणलं जात नाही. ‘देशी खपली, ग्लुटेन फ्री’ अशी पाटी दिसली की ती सरळ खोटी समजा. दुसरं, पाकिटातलं ज्वारीचं पीठ. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, म्हणून त्यात कणीक मिसळली जाते. तिसरी गिरणी. पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेलं कापड झटकून पाहा, गव्हाचं पीठ उडेल. आधी दोन किलो तांदूळ दळून घेतला तरी दगडाच्या खाचा पूर्ण रिकाम्या होत नाहीत. सीलिॲकच्या घरात वेगळी घरघंटीच हवी, आणि तिच्यात गहू कधीच नाही.

स्वयंपाकघरातही गहू लपलेला असतो. बाजारातला बराचसा हिंग मैदा घालून बांधलेला असतो. पाकिटामागे वाचा, तांदळाच्या पिठातला मिळतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. थालीपिठाच्या भाजणीत गहू. आणि पोट बिघडलं की आपण देतो तो मऊ भात-मेतकूट: पारंपरिक मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो.

पिठात गहू आहे का, हे घरी ढोबळमानाने कळतं. १०० ग्रॅम पीठ घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. मग गोळा मुठीत धरून नळाच्या बारीक धारेखाली चाळणीवर हळूहळू धुवा. निव्वळ ज्वारीचा गोळा विरघळून पांढरं पाणी होऊन जाईल, हातात जाडसर कोंडा उरेल. गव्हाचा असेल तर पंचवीस-तीस ग्रॅमचा करडा, रबरासारखा ताणणारा गोळा उरतो. बुळबुळीत पण न ताणणारं काही लागलं तर ते इसबगोल किंवा डिंक असू शकतं. ही चाचणी मोठी भेसळ पकडते, थोडी नाही. कायद्याने ‘ग्लुटेन फ्री’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि एवढं बारीक फक्त प्रयोगशाळेतच कळतं.

बरगडीच्या दुखण्याचा सीलिॲकशी आणखी एक संबंध आहे, जो या पॅकेजांत कुठेच नसतो. आतडं ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नीट शोषत नाही, हाडं मऊ पडतात, आणि बरगडीवर बोट दाबलं की दुखतं. दाबून दुखणाऱ्या बरगड्या, गोळ्या घेऊनही न चढणारं हिमोग्लोबिन आणि घटणारं वजन एकत्र दिसलं तर टीटीजी लगेच करून घ्या. उलट, उजव्या बरगडीखाली तेलकट खाल्ल्यावर उठणारी आणि खांद्याकडे जाणारी कळ पित्तखड्यांची असू शकते. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर दोन-तीन दिवस त्वचेकडे लक्ष ठेवा, नागीण उठण्याआधी असंच दुखतं. घाम, जबड्यात किंवा हातात जाणारी वेदना, दम लागणं असेल तर आधी हॉस्पिटल.

पैसे गेलेच असतील तर बिल, रिपोर्ट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावडरीचा डबा आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका. ‘बरं करतो’ असं लेखी आश्वासन बहुधा त्या संदेशांतच असतं. पहिली तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पिठाबाबत अन्न आणि औषध प्रशासनाकडे जा. अन्नसुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार विकत घेतलेलं पीठ तुम्ही स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. मात्र तपासणीला देणार आहोत हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते. म्हणून घरी उघडलेलं पाकीट घेऊन जाऊ नका. त्याच बॅचचं बंद पाकीट नव्याने, पावती घेऊन आणा.