व्हर्च्युअल कंपनीचं ५जी सिम, नऊ महिन्यांनंतर

नऊ महिने झाले सिम बदलून. आधी मूळ नेटवर्कवाल्या कंपनीचं होतं, आता त्यांच्याच टॉवरवर चालणाऱ्या व्हर्च्युअल ऑपरेटरचं घेतलंय, म्हणजे ज्यांचा स्वतःचा टॉवर नाही, स्पेक्ट्रम नाही, सगळं घाऊक भावात घेऊन आपल्याला विकायचं. नावं मुद्दाम देत नाहीये. प्लॅन बराच स्वस्त आणि जाहिरातीत मोठ्ठं ५जी लिहिलेलं, म्हणलं बघू तरी.

पहिला महिना झक्कास. सकाळी घरी स्पीड टेस्ट केली तर ताईच्या फोनइतकाच आकडा (ताई अजून मूळ कंपनीवरच आहे, फोनचं मॉडेलही सेम, त्यामुळे तिचा फोन म्हणजे माझं फुकटचं टेस्टिंग मशीन). मी सगळ्यांना सांगत सुटलो की तुम्ही उगाच जास्त पैसे भरताय.

मग दोघं मॅचला गेलो. गेटवर ही गर्दी, तिकीट ॲपमध्ये, आणि माझं ॲप नुसतं गोल गोल फिरतंय. वर ५जीचा लोगो, काड्या फुल्ल. ताईचं तिकीट उघडलंसुद्धा, माझं शेवटी तिच्या हॉटस्पॉटवर उघडलं आणि सीटवर जाऊन बसेपर्यंत "काय रे, स्वस्त सिम कसंय?" हे तीनदा ऐकून झालं.

घरी येऊन शोधाशोध केली. ४जीत प्रत्येक कनेक्शनला क्यूसीआय म्हणून एक नंबर लागलेला असतो, ५जीत त्याच कामाचा ५क्यूआय, आणि गर्दी झाली की कोणाचा डेटा आधी सोडायचा हे टॉवर त्यावरून ठरवतो. साध्या नेटला बहुतेक वेळा ६ ते ९ मधला नंबर असतो, त्यात ९ वाला सगळ्यात मागे. टॉवर मोकळा असेल तर काहीच कळत नाही, रांगच नसली तर पुढे काय नि मागे काय, म्हणून सकाळच्या स्पीड टेस्टवर जाऊ नका, संध्याकाळी गर्दीत जाऊन करा. सगळ्याच व्हर्च्युअल कंपन्या मागे असतात असंही नाही, होस्टशी, म्हणजे टॉवरवाल्या मूळ कंपनीशी, करार काय झालाय त्यावर आहे, पण तो करार आपल्याला दाखवतंय कोण? मी चॅटवर सरळ विचारलं की माझ्या प्लॅनला डेटा प्रायॉरिटी कुठली, तर उत्तर आलं, फोन रिस्टार्ट करून एपीएन (फोनमधली नेटची सेटिंग) तपासा सर.

आणि त्या लोगोचंही काही खरं नाही. बऱ्याच ठिकाणी आधी आलं ते नॉन-स्टँडअलोन ५जी, म्हणजे रेडिओ नवा पण मागचं कोअर (टॉवरच्या मागे ग्राहक आणि डेटा सांभाळणारी मुख्य यंत्रणा) ४जीचंच. ४जीचा टॉवर नुसतं 'इथे ५जी मिळू शकतं' एवढा इशारा देत असला तरी फोन वर ५जी दाखवू शकतो, डेटा भले ४जीवरून चाललेला असो.

व्हर्च्युअल कंपन्यांना हे नॉन-स्टँडअलोन बरंच पडलं, जुन्याच कोअरवर थोडे बदल केले की ५जी विकायला मोकळे. खरी गोची स्टँडअलोनला आहे, म्हणजे जिथे कोअरही ५जीचंच लागतं. ज्या कंपन्या नुसतं आपलं नाव लावून विकतात, लाइट म्हणतात तसल्या, त्यांचे ग्राहक होस्टच्याच कोअरवर असतात, होस्टने चालू केलं की चालू, नाहीतर बसा बोंबलत. आणि ज्यांनी स्वतःचं कोअर, स्वतःची सिम असा सगळा खर्च करून थोडं स्वातंत्र्य मिळवलं, त्या फुल प्रकारातल्या कंपन्यांना आता नवं ५जी कोअर घ्या म्हणून परत खिशात हात घालावा लागतोय! माझी ह्या दुसऱ्या प्रकारातली. ताईच्या फोनवर स्टँडअलोन लागतं, माझ्यावर ते चालू केलं की फोन गपगुमान ४जीवर येतो. शिवाय माझा डेटा आधी ह्यांच्या गेटवेपर्यंत जाणार आणि मग तिथून इंटरनेटवर, त्यामुळे शेजारी शेजारी फोन ठेवून बघितलं तर तिचं पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) पंचविस मिलिसेकंदांच्या आसपास, माझं साठच्या वर. व्हिडिओ बघताना काही फरक नाही, गेम खेळणाऱ्यांनी मात्र लांबच राहा.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं पाचव्या महिन्यात. होस्टने ३जी बंद केलं, २जी आधीच गेलेलं. नेट सुरू, पण कॉल ना येतोय ना जातोय. झालेलं असं की ह्या कंपनीच्या सिमवर माझ्या मॉडेलला व्होल्टे (म्हणजे ४जीवरूनच कॉल) चालूच केलेलं नव्हतं, इतके दिवस प्रत्येक कॉल गुपचूप ३जीवर उतरत होता आणि मला पत्ताच नाही. दोन दिवस आईचे फोन लागले नाहीत, तिने ताईला सांगितलं, मग ताईने मला. नंतर एक सेटिंग अपडेट आला आणि सुरळीत झालं, पण सिम घ्यायच्या आधी तुमचं मॉडेल त्यांच्या व्होल्टेच्या यादीत आहे का हे बघाच.

नेटवर्क स्लाइसिंगचं बरंच ऐकतोय, की एकाच नेटवर्कचे वेगवेगळे तुकडे करून व्हर्च्युअल कंपनीला तिचा वेगळा तुकडा देता येईल, म्हणजे गर्दीतही ठरलेला स्पीड. तांत्रिकदृष्ट्या होण्यासारखं आहे. पण चांगला तुकडा होस्ट स्वतः मोठ्या ग्राहकांना थेट विकू शकत असेल तर ह्यांना स्वस्तात कशाला देईल, मला तरी अवघड वाटतं.

सिम बदललं नाहीये. दिवसभर वायफायवर असतो, बाहेर मॅप आणि मेसेज, तेवढ्याला पुरतं आणि पैसे खरंच वाचतात. पुढच्या मॅचची तिकिटं ताईने काढलीत, दोन्ही तिच्याच फोनमध्ये आहेत.