खारा वारा आणि चार महिने पाऊस: कोकणात खिशातला कॅमेरा कोणता घ्यावा?

मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला, हे आधी निकालात काढू. भर दुपारी गुहागरच्या किनाऱ्यावर घरच्यांचे फोटो काढायचे असतील तर चांगला मोबाइल पुरे, उगाच पैसे घालू नका. मोबाइल उघडा पडतो तो पाण्यात उतरल्यावर, समोरची गोष्ट लांब असल्यावर आणि रात्री माणूस हलत असल्यावर. जाहिरातीत दिसणाऱ्या ‘आयपी६८’ या पाण्या-धुळीपासूनच्या संरक्षणाच्या दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या पाण्याची जबाबदारी कंपन्या घेत नाहीत. शिवाय ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

पंचाईत अशी की या सगळ्यांवर उपाय ठरेल असा एकच छोटा कॅमेरा बाजारात नाही. म्हणून माझ्या मते पुण्याच्या माणसाने आधी फोटोचा दर्जा बघावा, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी एवढंच बघावं: कॅमेरा चालू केला की लेन्स बाहेर येते की आतच राहते? बाहेर येणारी लेन्स परत आत जाताना खारी हवा, बारीक वाळू आणि उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ घेऊन जाते. लेन्स काढता येत नसल्यामुळे ती घाण घरच्या घरी साफही करता येत नाही.

तुलनेला तीन घेतलेत. ओएम सिस्टीमचा टीजी-७ (२०२३), म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपस टीजी-६चा पुढचा भाऊ. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ (२०१९). आणि रिकोचा जीआर थ्री, तोही २०१९चाच. नवे घ्यायचे तर सोनी आणि रिको टीजीपेक्षा बरेच महाग पडतात. वजनाचा मुद्दा सोडून द्या, तिन्ही साधारण २५० ते ३०० ग्रॅमच्या आत-बाहेर आहेत.

टीजीची लेन्स आतच राहते, बाकी दोघांची बाहेर येते. १५ मीटर खोल पाण्यात आणि २.१ मीटरवरून पडला तरी तो चालावा असा बनवलाय. मालवणला रापणीचं जाळं ओढताना गुडघाभर पाण्यात उभं राहायचं असेल, तारकर्लीला डोकं पाण्याखाली घालायचं असेल किंवा आषाढात लावणीच्या चिखलात बांधावरून फोटो काढायचे असतील, तर इतर दोघांचं नावही काढू नका. पण त्याची खरी करामत पाण्यात नाही, जवळच्या फोटोत आहे. लेन्सच्या काचेपासून अवघ्या १ सेंटिमीटरवर तो फोकस धरतो. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाणी झिरपत असतं, तिथे सीतेच्या आसवांची नखाएवढी निळी-जांभळी फुलं येतात, शेजारी दवबिंदू या कीटक खाणाऱ्या रोपाच्या पानांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. ओल्या कातळावर कोपर टेकून, कॅमेरा जवळजवळ जमिनीला चिकटवून हे टिपायचं काम टीजी जितक्या सहज करतो तितकं भल्या मोठ्या कॅमेऱ्यालाही महागडी लेन्स लावल्याशिवाय जमत नाही. आंबोलीच्या बेडकांच्या मागे असणाऱ्यांनाही हेच सांगेन.

उणी बाजू: उजेड टिपणारा आतला तुकडा, म्हणजे सेन्सर, लहान, १/२.३ इंची. अंधार पडला की फोटोत रवाळ ठिपके दिसू लागतात आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. उजेड गेल्यावर नवा मोबाइल त्याच्यापेक्षा सरस ठरतो, हे विकणारा सांगणार नाही. आणि ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बॅटरीच्या झाकणातल्या रबरावर उभा आहे. तिथे वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी आत. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, झाकण पूर्ण कोरडं झाल्यावरच उघडायचं. रबर वर्षातून एकदा बदलावं असं बनवणारेच सांगतात.

सोनीचा सेन्सर एक इंची म्हणवला जातो, क्षेत्रफळात टीजीच्या चौपट. झूम २४ ते २०० मिलिमीटर, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. हे आकडे कुठे कामी येतात? वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात ती पहाटे किंवा संध्याकाळी. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश बंद. अशा वेळी २०० मिलिमीटरचा पल्ला आणि हलत्या गोष्टीवर घट्ट बसणारा फोकस लागतो. टीजी १०० मिलिमीटरवर थांबतो, रिकोत झूमच नाही. हर्णै बंदरातल्या संध्याकाळच्या लिलावातही लांबून, कोणाच्या पायात न येता चेहरे टिपता येतात. मात्र झूम वाढवला की सोनीची लेन्स एफ/४.५ पर्यंत आवळते (एफचा आकडा वाढला की आत येणारा उजेड कमी), म्हणजे लांबचं आणि अंधारातलं एकदम मागू नका. रात्रीचाच सोस असेल तर याच मालिकेतला जुना मार्क ५ए बघा. त्याचा झूम ७० मिलिमीटरपर्यंतच, पण लेन्स एफ/१.८ ते २.८ची. घरच्या गणपतीत समईच्या उजेडात तो जास्त कामाचा.

रिकोचा सेन्सर एपीएस-सी या मोठ्या मापाचा, क्षेत्रफळात टीजीच्या तेरापट. फोटोचा दर्जा तिघांत सर्वांत वरचा, त्यात वाद नाही. दशावताराच्या मंचाजवळ, पहिल्याच रांगेत बसून संकासुराचा थयथयाट धरायचा असेल किंवा शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांच्या गर्दीत शिरायचं असेल, तर २८ मिलिमीटरची ती एकच लेन्स अगदी योग्य अंतर देते. एका हाताने चालू होतो, खिशात शर्टाला फुगाही येत नाही. पण बॅटरी एका चार्जमध्ये साधारण २०० फोटो, म्हणजे रात्रभराच्या नाटकाला एक जादा बॅटरी हवीच. आतला फ्लॅश नाही. पाण्यापासून, धुळीपासून संरक्षण नाही, आणि सेन्सरवर धूळ बसल्याची तक्रार हा कॅमेरा वापरणारे जगभर करतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या टोकाशी उभं राहून तुषार झेलत रिको बाहेर काढणाऱ्याच्या हिमतीला माझा नमस्कार.

तेव्हा ज्यांचे निम्मे फोटो जून ते सप्टेंबरमध्ये निघतात, त्यांनी बिनदिक्कत टीजी घ्यावा आणि रात्रीसाठी मोबाइल वापरावा. घरात एकच कॅमेरा, लग्नं, प्रवास, पक्षी, पोरं सगळंच त्यावर, असं असेल तर सोनी. माणसांत मिसळून फोटो काढायची ज्यांना खरंच आवड आहे आणि पाऊस लागला की कॅमेरा डब्यात ठेवायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी रिको. माझा स्वतःचा कल टीजीकडे आहे, त्याचे रात्रीचे फोटो बघून नाक मुरडावं लागतं तरीही.

डब्याचं म्हणाल तर ते थट्टेवारी नव्हे. हवेतला ओलावा ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिला की लेन्सवर बुरशी धरू शकते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो त्याहून कितीतरी वर असतो. कपाटातली कापडी किंवा चामड्याची पिशवी सर्वांत वाईट, ती ओलावा धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

सेकंडहँड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. एफ/११वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा, एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारे काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. लेन्स आत-बाहेर होताना करकर ऐकू आली तर वाळू गेली आहे, सौदा तिथेच सोडा. टीजी असेल तर झाकणाचं रबर कधी बदललं ते विचारा, आणि नवं बसवल्याशिवाय पाण्यात नेऊ नका.