बी-१, बी-२ की सी? नगरपरिषदेचं काम काढताना कोणता नमुना घ्यावा

प्रभागातलं गटार नि रस्ता मंजूर झाला की नव्या नगरसेवकाला पहिला प्रश्न पडतो तो काम कुणाला मिळणार याचा. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, तो सहसा कुणी विचारत नाही: निविदा कोणत्या नमुन्यात निघणार? प्रारूप निविदा नगर अभियंता तयार करतात हे खरं, पण ती स्थायी समितीपुढे येते तेव्हा हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. नगरपरिषदेच्या बांधकामांवर मी बरीच वर्षं मोजमापं घेतली आहेत. गावाचा पैसा कुठे वाचतो नि कुठे गळतो, हे बरंचसं या एका निवडीवर ठरताना मी पाहिलं आहे.

आपल्याकडे तीन नमुने चालतात. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यापासून ते आलेले आहेत, म्हणून गुजरातेतही बी-१, बी-२ हीच नावं ऐकू येतात. बी-१ मध्ये प्रत्येक बाबीचं मोजमाप आणि दर नगरपरिषदच देते, कंत्राटदार फक्त एक टक्केवारी भरतो: इतके टक्के बिलो (कमी), इतके अबोव्ह (जास्त), किंवा जसेच्या तसे. बी-२ मध्ये मोजमाप आपलं, पण बाबीगणिक दर त्याचा. सी मध्ये संपूर्ण कामाची एकच ठोक रक्कम.

रस्ता आणि गटार: बी-१ विरुद्ध बी-२

वरवर पाहता बी-२ जास्त मोकळा वाटतो. ज्याचा जो खरा खर्च, तो त्याने भरावा. अडचण कुठे येते ते एका उदाहरणावरून बघा. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतले आहेत.

गटाराच्या खोदाईत मुरूम ८०० घनमीटर आणि कठीण खडक २०० घनमीटर धरला आहे. पहिला कंत्राटदार मुरुमाला २०० रुपये आणि खडकाला १,००० रुपये भरतो. बेरीज ३,६०,०००. दुसरा मुरुमाला १०० आणि खडकाला १,३५० भरतो. बेरीज ३,५०,०००. दुसरा दहा हजारांनी स्वस्त, काम त्याला. प्रत्यक्षात खोदाई होते तेव्हा मुरूम ७५० निघतो आणि खडक २५०. आता पहिल्याचं बिल ४,००,००० झालं असतं, दुसऱ्याचं होतं ४,१२,५००. फक्त ५० घनमीटर इकडचे तिकडे झाले आणि सर्वात स्वस्त ठरलेला माणूस महाग पडला.

दुसऱ्याने काही बेकायदा केलं का? अजिबात नाही. त्या गल्लीत कातळ वर आला आहे हे त्याला ठाऊक होतं. आपल्या अंदाजपत्रकाला ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

करारातलं कलम ३८ यावर थोडा लगाम घालतं. निविदेतल्या मोजमापापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढ झाली, तर त्या वाढीव भागाला भरलेला दर न देता दरसूचीवरून, म्हणजे सरकारी दरांच्या यादीवरून, दर काढतात. वरच्या उदाहरणात खडक बरोबर २५ टक्के वाढला, म्हणजे कलम लागूच झालं नाही आणि नुकसान तर झालंच. शिवाय ज्या बाबीला दर कमी भरला आहे ती कामात घटली, तर त्या घटीमुळे होणारं आपलं नुकसान हे कलम भरून काढत नाही.

बी-१ मध्ये हा खेळ होऊच शकत नाही. सगळ्या बाबींवर टक्केवारी एकच, त्यामुळे मोजमापं कशीही बदलली तरी जो पहिला तो पहिलाच राहतो. गटार, रस्ता, पाइपलाइन अशा जमिनीत शिरणाऱ्या कामांना मी बी-१ चाच आग्रह धरतो.

बी-१ मध्ये दोष नाहीत असं मात्र नाही. इथे सगळा भार आपल्या अंदाजपत्रकावर येतो. खडी पंचवीस किलोमीटरवरच्या खाणीतून येणार आणि अंदाजपत्रकात लीड (माल आणण्याचं अंतर) दहा किलोमीटरची धरली, तर प्रामाणिक कंत्राटदार अबोव्ह भरेल किंवा फिरकणारच नाही. उलट दरसूचीतले दर बाजारापेक्षा सैल असतील तर २० टक्के बिलो येईल आणि आपण खूश होऊ. अशा वेळी दोन गोष्टी मागा. पहिली, त्या कंत्राटदाराचं दर पृथक्करण, म्हणजे या दरात सिमेंट, खडी, मजुरी कशी बसते याचा लेखी हिशेब. दुसरी, कमी दरामुळे लागू होणारी जादा सुरक्षा ठेव कार्यारंभ आदेशाआधी जमा झाली आहे याचा कागद. ठेव नंतर भरतो म्हणणाऱ्याला काम सुरू करू देऊ नका.

मग बी-२ कधी?

बाबी दरसूचीत नसतील आणि त्यांची संख्या पक्की असेल तेव्हा. पंपगृहातले तीन पंप हे तीनच राहतात, खोदाईसारखे वाढत नाहीत. तिथे बाबीगणिक दर मागवणं योग्य, कारण नगरपरिषदेकडे दर काढायला स्वतःचा आधारच नसतो.

पाण्याची टाकी: सी

उंच टाकीला ठोक रकमेची निविदा शोभते. क्षमता किती लिटर, खांबांची उंची किती, जागा कोणती, हे आपण सांगायचं. संकल्पचित्र कंत्राटदाराचं, सळई नि काँक्रीट किती लागेल याची जोखीमही त्याची. पैसे टप्प्याने द्यायचे: पाया, खांब, तळ, भिंती, पाणी भरून गळती चाचणी. शेवटच्या टप्प्याचा वाटा घसघशीत ठेवा. चाचणीत टाकी उतरेपर्यंत ती रक्कम हातची सोडायची नाही.

सी चा धोका वेगळ्या जागी आहे. काम सुरू झाल्यावर सभागृहाने काही बदललं की ठोक रक्कम मोडते. टाकी दुसऱ्या चौकात न्या, उंची तीन मीटर वाढवा, असा ठराव झाला की कंत्राटदाराची जादा पैशांची मागणीपत्रं येऊ लागतात, आणि तिथे घासाघीस करायला आपल्याकडे बाबवार दर नसतो. म्हणून जागेचा वाद मिटल्याशिवाय सी नमुना वापरू नये. जमिनीची धारणक्षमता, म्हणजे ती किती भार पेलेल, किती गृहीत धरली आहे तेही निविदेत छापलेलं हवं. नाहीतर पाया खणल्यावर पहिलं भांडण त्यावरूनच होतं.

नमुन्याआधीचं काम

एका गावात आम्ही मुख्य पेठेत काँक्रीटचा रस्ता केला. उत्तम झाला होता, लोकांनी रात्री बाहेर येऊन बघितला. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणीयोजनेचं काम आलं आणि त्याच रस्त्याच्या मधोमध कटर चालला. दोन्ही निविदा नियमाने काढलेल्या, दोन्ही ऑनलाइन, दोन्ही दोन लिफाफ्यांच्या (एकात तांत्रिक कागद, दुसऱ्यात दर), कागदात कुठे बोट ठेवायला जागा नाही. तरी बुजवलेल्या चराची पट्टी आजही खचलेली आहे आणि पावसात तिथे पाणी उभं राहतं. ते मला आजही सलतं, कारण मोजवहीत सही माझी होती.

तेव्हापासून रस्त्याची निविदा आली की मी आधी तीन कागद शेजारी ठेवतो: रस्त्याचं अंदाजपत्रक, पाणी आणि भुयारी गटार योजनेचा नकाशा, आणि १९६६ च्या नगररचना कायद्याखाली झालेला शहराचा विकास आराखडा. आराखड्यात रस्ता बारा मीटरचा आणि आज सात मीटरच असेल, तर आजच्या कडेला बांधलेलं गटार उद्या रस्त्याच्या पोटात येणार. ते बाराच्या हिशेबाने बसवता येईल का, हे आधी बघावं लागतं.

आणि चाचणी खड्डे. गटाराच्या रेषेवर दर शंभर पावलांवर एक खड्डा घ्यायला सांगा. वर भराव किती, मग मुरूम किती, मांजऱ्या (मऊ खडक) कुठे लागतो, काळा कातळ किती खोलीवर, हे टेप लावून लिहून घ्या आणि तीच वही अंदाजपत्रकाला जोडा. दोन मजूर, दोन दिवस. एवढं केलं की वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या कंत्राटदाराला जे ठाऊक होतं, ते नगरपरिषदेलाही ठाऊक असतं.

खड्डे घेताना पाणी सोडणाऱ्या जुन्या व्हॉल्वमनला बरोबर न्या. माझ्यासोबत एकदा असे काका आले होते. नकाशात पाइप रस्त्याच्या डावीकडे दाखवलेला. काकांनी खिशातला खडू काढला, उजव्या बाजूच्या एका घराच्या पायरीसमोर फुली मारली आणि म्हणाले, "साहेब, इथं खणू नका. चार इंची लाइन आहे, मीच टाकलीय." हातभर खणलं, आणि लाइन तिथेच होती.