कार्बन स्टीलचा वोक: भाजी फर्स्ट क्लास, मुठीचं काय ते बोला

परवा फरसबी उडवताना वोकची मूठ हातात गर्रकन फिरली आणि अर्धी भाजी शेगडीवर. म्हणून आज लिहायला बसलोय, नाहीतर आळस होताच.

मे महिन्यात घेतला, आता दिवाळी उलटून गेली. 32 सेंमी, सपाट बूड, लाकडी मूठ, 1,850 रुपये. बाकी स्पेक्स सगळीकडे आहेत.

खोकं उघडल्या उघडल्या आई म्हणाली, "अरे, कढईच की ही! जांभळी नाक्यावर निम्म्यात मिळाली असती." तिचं चूक नव्हतं. पत्र्याची लोखंडी कढई घ्या किंवा हा, धातू जवळपास तोच आणि तेल तापवून चढवायचा काळा थरही तोच. फरक एवढाच की कढईला दोन कान असतात, याला एक लांब मूठ. कढईत भाजी परततात, यात एका हाताने उडवता येते. म्हणजे जास्तीचे हजारभर रुपये मी निव्वळ मुठीचे मोजले. आणि तीच मूठ या लोकांनी एका स्क्रूवर टांगलीय!

ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, गॅसजवळ सुकून आकसतं, आणि मधला स्क्रू ढिला पडतो. जुलैपासून मूठ डुलायला लागली. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. कढईचा व्हिडिओ कोण काढतं हो? मग कळलं की वॉरंटी "बॉडी"वर आहे, मूठ बॉडीत धरत नाहीत. मी विचारलं, मग ती विकताना किमतीत धरली होती का? त्यावर कॉल होल्डवर.

हे सगळं असून वोक मी परत का केला नाही, तेही सांगतो. संध्याकाळची लोकल पकडून घरी पोचल्यावर भाजी चिरलेली असेल तर जेवण दहा मिनिटांत तयार होतं. गाजर, कोबी, सिमला मिरची कुरकुरीत राहतात, रंग उडत नाही. मोड आलेली मटकी लसूण-मिरचीवर मोठ्या आचेत परतून बघा, उसळीपेक्षा वेगळीच लागते. जूनमध्ये बाजारात टाकळा आला होता, तोही यात झटक्यात झाला. दोघांच्या भाजीला दोन चमचे तेल पुरतं. नॉनस्टिकमध्ये असं मोठ्या आचेवर परतणं जमत नाही, कारण ते कोटिंग साधारण 260 अंशांच्या वर बिघडायला लागतं. रिकामं भांडं धूर येईपर्यंत तापवायची सोयच नाही.

पण हॉटेलसारखी भट्टी आपल्याकडे नाही, हे ध्यानात ठेवा. चौघांची भाजी एकदम टाकली की आच पडते, भाजीला पाणी सुटतं आणि मग ती शिजते, परतली जात नाही. दोन घाण्यांत करा. धुतलेली भाजी पंच्यावर कोरडी करून घ्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होऊन न आटता गोळी होऊन पळायला लागला की वोक तापला समजा.

"हेल्दी" म्हणून सोया सॉस ओतणाऱ्यांसाठी: मोठ्या एका चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 2 ग्रॅम आहे. तेल वाचवून मीठ खाण्यात काय हशील? मी अर्धा चमचा घालतो, वरून लिंबू पिळतो, तेही ताटात. टोमॅटो, कोकम, चिंच यात शिजवत बसलात तर काळा थर जातो.

थर घालवायचा दुसरा रस्ता आमच्या मावशींनी दाखवला. मी ऑफिसात असताना त्यांनी तारेच्या घासणीने वोक आरशासारखा केला. "किती काळा झाला होता, दादा!" त्यांचा चेहरा इतका खूश होता की मी गप्प बसलो. संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज. पुन्हा घासला, गॅसवर कोरडा केला, तेलाचा पातळ हात फिरवून निळसर धूर येईपर्यंत तापवला, असं तीन-चारदा. थर परत आला. नॉनस्टिकचं कोटिंग गेलं असतं तर भांडंच भंगारात गेलं असतं. तेव्हापासून या वोकवर माझा जीव बसलाय.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं आणि नौपाड्यातल्या एका हार्डवेअरवाल्याकडे मूठ घेऊन गेलो. त्याने थोडा लांब बोल्ट आणि एक स्प्रिंग वॉशर दिला, एकूण वीस रुपये. मूठ आता हलत नाही. वीस रुपयांचं काम कंपनीला कारखान्यात दोन रुपयांत जमलं असतं, म्हणून राग दुप्पट झाला. दोनाचे चार स्टार करतोय, पण ते वोकचे आणि त्या दुकानदाराचे. घ्यायचाच असेल तर रिव्हेट मारलेली स्टीलची मूठ बघून घ्या, धरायला फडकं लागलं तरी चालेल.

आणि झाकण वेगळं साडेचारशेला विकतात, ते घेऊ नका. जेवणाचं मोठं स्टीलचं ताट पालथं घातलं की अगदी बसतं.