आधी पुस्तक की आधी सिनेमा? काही मराठी जोड्यांची तुलना

पट्टीच्या वाचकाला विचारा, आधी पुस्तक वाचू की सिनेमा बघू? प्रश्न पुरा व्हायच्या आत तो 'पुस्तक!' म्हणून मोकळा होतो. मीही त्याच जातकुळीतला, पण हे उत्तर सरसकट देणं मला पटत नाही. काही कादंबऱ्यांचा सिनेमा आधी बघितला तर पुस्तकाची निम्मी मजा जाते हे खरंच. पण काही कादंबऱ्या सिनेमा बघून झाल्यावरच नीट उलगडतात.

निवडायचं कसं? मी आधी बघतो, गोष्ट सांगतंय कोण. एकच माणूस 'मी' म्हणून सांगत असेल आणि सगळी गंमत त्याच्या मनात काय चाललंय यात असेल, तर पुस्तक आधी, वाद नको. पंधरा-वीस पात्रं, चार-पाच गट, नावं लक्षात ठेवताना दमछाक, असा प्रकार असेल तर खुशाल सिनेमा आधी बघा. वेळेचाही हिशेब असतोच. सिनेमा दोन-अडीच तासांत उरकतो. तासाला तीस-चाळीस पानं धरली तर तीनशे पानांच्या कादंबरीला आठ-दहा तास जातात, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून आठवडा गेलाच.

पहिल्या प्रकाराचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे मिलिंद बोकील यांची 'शाळा'. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्रे, फावड्या, आणि वर्गातली शिरोडकर. बाहेर आणीबाणी. घडतं म्हणाल तर फार काही घडत नाही. शिरोडकर कुठल्या रस्त्याने घरी जाते, तिने वळून बघितलं की नाही, बघितलं तर मुद्दाम की सहज, यावर मुकुंद पानंच्या पानं खल करतो. हा खल म्हणजेच ती कादंबरी. मोठ्यांबद्दल तो मनातल्या मनात काय काय बोलतो, बहिणीला 'अंबाबाई' म्हणतो, मास्तरांची कशी वर्गवारी करतो, नरूमामाच्या शब्दाला किती भाव देतो, हे सगळं त्याच्याच भाषेत आहे. ती भाषा शाळेच्या मागच्या बाकावरची आहे, कुठेही 'साहित्यिक' होत नाही.

सुजय डहाके यांचा 'शाळा' चित्रपट वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, रूपांतरित पटकथेचाही मिळाला. अंशुमन जोशीचा मुकुंद आणि केतकी माटेगावकरची शिरोडकर दोघंही वयाला शोभणारी, निरागस. पण कॅमेऱ्याला मुकुंद बाहेरूनच दिसतो. पुस्तकात दोन पानं चाललेली घालमेल पडद्यावर एका कटाक्षात संपते. कटाक्ष छान आहे, पण दोन पानं गेली ती गेलीच. शिवाय पुस्तकात शिरोडकर आपल्याला फक्त मुकुंदच्या नजरेतून दिसते, म्हणून प्रत्येक वाचकाची शिरोडकर वेगळी. सिनेमा आधी बघितलात तर तिथे एक ठरलेला चेहरा येऊन बसतो आणि मग काही केल्या हलत नाही. तेव्हा 'शाळा' आधी वाचा, मध्ये चांगले महिना-दोन महिने जाऊ द्या आणि मग बघा. लगोलग बघितलात तर नुसती काय काय गाळलं याची यादी करत बसाल.

आता नेमकं उलटं प्रकरण. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र मळून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा केली आणि जब्बार पटेलांनी 1979 साली 'सिंहासन' काढला. इथे माझी शिफारस सरळ आहे: सिनेमा आधी. मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची ओढायला टपलेले अर्थमंत्री, कुंपणावरचे आमदार, कामगार पुढारी, तस्कर, वार्ताहर, यांच्या बायका, सुना, कार्यकर्ते... राजकारणाची सवय नसलेला वाचक पन्नाशीच्या पानापर्यंत 'हा कुणाच्या गटातला?' एवढंच शोधत राहतो. सिनेमात हा प्रश्न उरतच नाही. अरुण सरनाईक मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणून फोन कानाला लावतात आणि पलीकडून कुणीतरी कटाची खबर देतं, तिथून तुम्ही आत शिरता. श्रीराम लागूंचा अर्थमंत्री दाभाडे, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा, हे चेहरे एकदा बसले की कादंबरीत वाट चुकत नाही. 'शाळा'त जो चेहरा अडचण करतो, तोच इथे मदतीला येतो.

निळू फुल्यांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. गावातला बेरकी, हिरवट पाटील म्हणून महाराष्ट्राने ज्यांना शिव्या घातल्या, त्यांनी इथे दिगू टिपणीस हा वार्ताहर केलाय. त्याला सगळं कळतं आणि त्याच्या हातात काहीच नाही. आवाज चढवायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत, फक्त ऐकत राहायचं आणि आतून झिजत जायचं. शेवटी त्याचं काय होतं ते सांगत नाही, पण तो प्रसंग बघितल्यावर रात्री लगेच झोप येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

मग पुस्तकं वाचायची कशाला? कारण साधू स्वतः पत्रकार होते आणि त्यांना सत्तेचे हिशेब मुळापासून ठाऊक होते. कोण कुणाला का धरून असतं, जात, साखर, पैसा आणि वैयक्तिक खुन्नस यांची मोट कशी बांधली जाते, हे सिनेमात ओझरतं येतं आणि पुस्तकात सविस्तर. 'मुंबई दिनांक'मध्ये तर मंत्रालयाइतकंच शहरही आहे. सिनेमा आवडला असेल तर आधी 'मुंबई दिनांक' घ्या, मग 'सिंहासन'. आणि सिनेमाच्या क्रमाने प्रसंग येतील अशा आशेवर राहू नका.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माझ्या निकषाला थोडी चकवते. निवेदक 'मी'च आहे: औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर. पण हा मास्तर मुकुंदसारखा स्वतःच्या मनात गुरफटलेला नाही. तो बघतो. म्हातारा कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, शेकू. शेकूकडे एकच बैल, म्हणून जोखडाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको खांदा देते. हा प्रसंग माडगूळकरांनी इतक्या सरळ सांगितलाय की वाचताना एकही विशेषण आठवत नाही. नुसतं बघणारा निवेदक असला की सिनेमाचं फारसं नुकसान होत नाही. अमोल पालेकरांनी 1995 साली केलेला 'बनगरवाडी' हे दाखवून देतो. माळ, मेंढरं, तालमीचं बांधकाम, पुढे पडलेला दुष्काळ, सगळं पडद्यावर मावतं.

तरीही निवडायचंच झालं तर मी पुस्तक आधी म्हणेन, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. ते लहान आहे. शनिवारी दुपारी सुरू केलंत तर रविवारी रात्री संपलेलं असेल. वाचन सुटलंय, पुन्हा सवय लावायचीय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी पहिल्यांदा हेच ठेवतो. सहाशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीने सवय परत येत नाही. पहिल्या शंभर पानांत ती पुन्हा सुटते.

'श्यामची आई'चा निर्णय बहुतेक जण मुलांसाठी घेत असतात, म्हणून त्याच अंगाने बघू. साने गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. पुस्तक 42 रात्रींचं आहे, आश्रमात रोज संध्याकाळी श्याम सोबत्यांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे ते ऐकवण्यासाठीच बेतलेलं आहे, आणि रोज एक रात्र मोठ्याने वाचून दाखवण्याइतकी चांगली पद्धत दुसरी नाही. एका बैठकीत वाचायला गेलात तर रडून रडून मुलं (आणि तुम्हीही) थकाल, आणि संस्कारांचा मारा झाल्यासारखं वाटेल. काही रात्री गाळल्यात तरी चालेल, गुरुजी रागावणार नाहीत.

आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो मात्र वाचन निम्म्यावर आल्यावर दाखवा. वनमालाबाईंची आई कडक आहे आणि ते फार बरं आहे. पुस्तकाबद्दल ज्यांना नुसतं 'हळवं' एवढंच आठवतं त्यांनी ती जरूर बघावी. माधव वझेंचा श्यामही गोड-गोड नाही, हट्टी आहे. कृष्णधवल चित्रपटाला मुलं कंटाळतील असं आईबापांनाच वाटतं, गोष्ट पकडली की मुलं रंग विचारत नाहीत. डहाके यांनीच 2023 साली पुन्हा 'श्यामची आई' केला, तोही कृष्णधवल. त्यात तुरुंगातले साने गुरुजी, म्हणजे ओम भूतकर, गोष्टीइतकेच महत्त्वाचे आहेत. दहा वर्षांच्या मुलासाठी अत्र्यांचा, तेरा-चौदाच्या मुलासाठी नवा, अशी मी वाटणी करेन.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' आणि संजय जाधवांचा 2013 चा सिनेमा, या जोडीवर मी फार शाई खर्च करणार नाही. सिनेमाने भरपूर मोकळीक घेतली आहे. कॉलेजात असताना कादंबरी पाठ केलेली मंडळी अजून त्यावर भांडतात. ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी दोन्ही स्वतंत्र कलाकृती समजून हव्या त्या क्रमाने घ्याव्यात. पण वाचायचीच असेल तर तिशीच्या आत वाचा.

राहिली 'जैत रे जैत'. इथे माझा निकष पार कोलमडतो. गोनीदांच्या (गो. नी. दांडेकरांच्या) कादंबरीत ना मनातल्या विचारांचं जाळं आहे, ना पात्रांची गर्दी. एक डोंगर, मधमाश्यांचं एक पोळं, ठाकर आदिवासींमधला नाग्या आणि चिंधी. वाचायला सुरेख, ठाकरांच्या बोलीमुळे तर फारच. पण जब्बार पटेलांच्या चित्रपटात ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आलं, आणि गोष्ट संवादांपेक्षा गाण्यांतून पुढे जायला लागली. पुस्तकाला हे करणं शक्यच नव्हतं. त्यात मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. पुस्तकापेक्षा सिनेमा सरस, असं मी सहसा म्हणत नाही, पण इथे बेलाशक म्हणतो. आधी सिनेमा, आणि जमलं तर मोठ्या पडद्यावर, चांगल्या आवाजात.

पटेल आणि स्मिता पाटील यांचीच आणखी एक जोडी म्हणजे 'उंबरठा'. घर सोडून महिलाश्रमाची नोकरी पत्करणारी सुलभा आजही अनेक घरांत वाद पेटवू शकते. तो चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून आला, हे सिनेमा चार-चार वेळा बघितलेल्यांनाही ठाऊक नसतं. सिनेमा सहज मिळेल, तो बघून घ्या. 'बेघर'साठी मात्र गावातल्या जुन्या वाचनालयाचं कपाट धुंडाळा, आणि मिळाली तर मुदत वाढवून मागायची तयारी ठेवा.